पुलावर सगळ्यांत पुढे

आमच्या प्रकाशनात मुखपृष्ठ आधी छापतात आणि पुस्तक मागून लिहितात. नवी माणसं हे ऐकून हसतात, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. सहा पुस्तकांची मुखपृष्ठं एकाच मोठ्या कागदावर एकदम छापून घेतली की छापखान्याचे फेरे वाचतात, आणि विक्रेते ती पिशवीत घालून शाळाशाळांतून हिंडायला मोकळे होतात. आत काय असणार ते लेखक मग सावकाश ठरवतात. तात्यांच्या साहसकथांच्या बाबतीत हा रिवाज सदतीस पुस्तकं बिनबोभाट चालला, कारण त्यांचं कुठलंही मुखपृष्ठ कुठल्याही पुस्तकाला चाललं असतं. गुहा, हातात बॅटरी, चार मुलं आणि सामान वाहणारं एक गाढव. एकदा बांधणीत दोन पुस्तकांच्या मुखपृष्ठांची अदलाबदल झाली होती. एकाही वाचकाचं पत्र आलं नाही.

मी तिथे मुद्रितं तपासते. प्रत्येक पुस्तक छापायला जाण्याआधी तीनदा वाचणारी त्या इमारतीतली मी एकटीच. कुणाची निंदा करायची नाही हा माझा रोजचा नेम आहे, तेव्हा पुढे जे येईल ते फक्त घडलं तसं सांगितलंय असं समजावं.

झालं असं, की शाळांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या समितीचं एक पत्र आलं. तुमच्या साहसकथांतली सगळी मुलं एकाच घरातली वाटतात, यापुढे सर्व तऱ्हेची मुलं ज्यात असतील अशाच पुस्तकांचा विचार होईल, असं त्यात होतं. पत्र वाचून मालकांचा विवेक जागा झाला. तो खरेदीच्या हंगामातच जागा होतो हे खरं, पण होतो हेही काही कमी नाही.

आठवड्याच्या आत सल्लागारबाई नेमल्या गेल्या. प्रत्येक मुलाला कधीतरी पुस्तकात आपल्यासारखं कुणीतरी भेटायला हवं, असं त्या पहिल्याच बैठकीत म्हणाल्या. मला ते वाक्य मनापासून आवडलं. मग त्यांनी एक तक्ता वाटला, आणि ते वाक्य मागे राहिलं. तक्त्यात सात रकाने होते: सावळा, खेड्यातला, गरीब, परभाषक, चष्मेवाला, एकट्या आईचं मूल, अपंग. दर पुस्तकात किमान पाच रकान्यांत खूण पडली पाहिजे.

बैठक सकाळी दहाची होती. माझं दुपारी बारापर्यंत मौन असतं, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक आहे. काही सांगायचं असलं तर मी चिठ्ठी लिहून देते. मी चिठ्ठीवर लिहिलं, "एकाच मुलात तीन रकाने बसवले तर ती तीन मुले धरायची का?" सल्लागारबाईंनी ती गंभीरपणे वाचली आणि म्हणाल्या, की हो, चालेल, त्यानं पात्रांची गर्दी टळेल. नंतर मालकांनी कुणाचा आक्षेप आहे का असं विचारून माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. इतिवृत्तात नोंद झाली, की महिला प्रतिनिधींनी मूक संमती दिली. अशी मी आमच्या कचेरीतल्या तक्ता-समितीची सदस्य झाले.

तात्यांची समजूत घालणं मात्र सोपं नव्हतं. वय सत्तरीच्या पुढे, सदतीस पुस्तकं नावावर, आणि चार मुलं त्यांनी पोटच्या पोरांसारखी सांभाळलेली. एक नायक, जो सगळं ठरवतो. त्याची बहीण, जी खाऊचा डबा भरते आणि योग्य वेळी किंचाळते. एक हुशार, तो नकाशा वाचतो. आणि एक जाड्या, तो खातो, घसरतो आणि प्रत्येक पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात वाट चुकतो. तात्या म्हणाले, इतक्या वर्षांत माझ्या मुलांचे पाय मोजायला कुणी आलं नव्हतं. तरीही तडजोड म्हणून त्यांनी गाढव लंगडं करायची तयारी दाखवली. सल्लागारबाईंनी तक्ता पुन्हा एकदा वाचून पाहिला. प्राण्यांचा रकाना नव्हता. शिवाय गाढव लंगडं झालं तर सामान कोण वाहणार, हा तात्यांनाच प्रश्न पडला. शेवटी जाड्या सावळा झाला, हुशार खेड्यातला झाला, आणि पाचवं पात्र म्हणून एक नवी मुलगी आली. कुबड्या, चष्मा आणि एकटी आई. तीन रकाने एका फटक्यात.

आता मुखपृष्ठ. आमच्या चित्रकाराला कधीच कथा देत नाहीत, द्यायला ती तयारच नसते. त्याला दोन ओळींचा कागद मिळतो. या वेळी त्यावर होतं: "झुलता पूल, खाली मगरी. पाच मुले, पैकी एक कुबड्यांवर, ती नीट दिसली पाहिजे." चित्रकार गुणी आहे, पण त्याची सगळी मुलं एकाच आईची वाटतात, केस काय ते वेगळे. कुबड्यांवरचं मूल त्यानं कधी काढलंच नव्हतं.

योगायोग असा, की त्या दिवशी माझी भाची कचेरीत होती. मी माझ्या धाकट्या बहिणीकडेच राहते. बहिणीला कामावर जायचं होतं आणि शाळेला सुट्टी होती, म्हणून तिला मी बरोबर आणलं होतं. वय दहा. घरात तिला भिंगरी म्हणतात. कुबड्या मिळायच्या आधीपासून म्हणतात, कारण तेव्हाही ती एका जागी सापडत नसे. चित्रकारासमोर ती पुस्तक घेऊन बसली, त्यानं पेन्सिल उचलली, आणि पाच मिनिटांत ती पुस्तक सोडून त्याच्या खांद्याशी. कुबडी अशी धरत नाहीत काका, म्हणाली, अशी धरली तर काख सोलून निघते. त्यानं खोडलं. तिनं पुन्हा खोडायला लावलं. तिसऱ्यांदा जमलं.

त्या मुलीला त्यानं पुलावर सगळ्यांत पुढे काढलं. यामागे काही थोर विचार होता असं कुणी समजू नये. मागे काढली तर कुबड्या जाड्याच्या आड जात होत्या, एवढंच. पण चित्र उतरलं खरं. एक हात दोरावर, केस वाऱ्यावर, आणि हनुवटी पुढे काढलेली, भिंगरीला एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं की निघते तशी. मागची चारही मुलं नेहमीसारखी एका आईची होती.

मुखपृष्ठं छापून आली. एक भिंगरीला मिळालं. ते घडी पडू नये म्हणून ती दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून शाळेत घेऊन गेली. वर्गात ते हातोहात फिरलं. ही तूच का, असं सगळ्यांनी विचारलं. ही म्हणाली, मीच. पुढे का आहेस? तर म्हणाली, मी नेते ना सगळ्यांना. एका मुलीनं तिला सांगितलं, की तिच्या ताईकडे असली पुस्तकं आहेत, त्यांत कुबड्यावाली मुलं शेवटी बरी तरी होतात नाहीतर मरतात तरी. भिंगरीनं हे मला जेवताना विनोद म्हणून सांगितलं. वर्गबाई म्हणाल्या होत्या, की पुस्तक आलं की रोज एक प्रकरण वर्गात मोठ्यानं वाचू.

"मावशी, मी कुठे नेते गं त्यांना?" तिनं विचारलं.

हस्तलिखित अजून आलं नाही, असं मी सांगितलं. तेव्हा ते खरं होतं.

पुढच्या आठवड्यात ते आलं. दुसऱ्या प्रकरणात मुलगी अवतरली: "पायाने अधू पण हसतमुख." त्याआधीच्या पानावर जाड्या "सावळा पण तरतरीत" होता आणि हुशार "खेडवळ पण चुणचुणीत". मी तिन्ही ठिकाणी पेन्सिलीनं गोल केला आणि समासात लिहिलं, "हा 'पण' काढल्यास काय कमी होईल?" तात्यांनी शेजारी उत्तर लिहून पाठवलं, "वाक्याची लय."

तिसऱ्या प्रकरणात चमू झुलत्या पुलापाशी पोचतो. नायक त्या मुलीकडे वळून प्रेमानं म्हणतो, तू इथेच थांब, सामानाकडे लक्ष दे. ती गोड हसते. बाकीचे चौघे पूल ओलांडून जातात, आणि ही अकराव्या प्रकरणापर्यंत अलीकडेच गाढवाशेजारी बसून राहते. मी मोजलं. त्या नऊ प्रकरणांत ती दोनदा उठून उभी राहते आणि चौदा वेळा हसते. गाढवाचं काम तिच्यापेक्षा जास्त आहे. तस्कर आल्याबरोबर ते ओरडून सगळ्यांना सावध करतं. बाराव्या प्रकरणात नायक परत येतो आणि तिला म्हणतो, आपल्यांत खरी शूर तूच. का, ते लिहिलेलं नाही. तक्त्यात मात्र तिन्ही खुणा व्यवस्थित पडल्या होत्या.

घरी भिंगरी रोज संध्याकाळी विचारायची, आलं का, वाचलंस का. वाचतेय अजून, असं मी म्हणायचे. तीनदा वाचायचं माझं कामच आहे, तेव्हा तेही खोटं नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं विचारायचं सोडलं. आईला म्हणाली, मावशी खोटं बोलत नाही, म्हणून ती नुसतं वाचतेय वाचतेय करते, म्हणजे त्यात काहीतरी वाईट आहे.

बहीण स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिचा आवाज माझ्याहून मोठा आहे, पण त्या दिवशी तिनं तो खाली ठेवला होता. "ताई, तिनं वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलंय. बाई मोठ्यानं वाचणार आहेत. तू आता सांगणार आहेस की तिला तिथेच कळू देणार आहेस, चाळीस पोरांसमोर?"

मी म्हटलं, आधी मालकांशी बोलते.

दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेल्यावर मी मालकांच्या खोलीत गेले. मालक आपण छापलेली पुस्तकं वाचत नाहीत. वाचलं की निर्णयात भावना येतात, असं त्यांचं मत आहे. मी टेबलावर मुखपृष्ठ ठेवलं आणि शेजारी तिसऱ्या प्रकरणाचं पान. त्यांनी दोन्ही पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मुलीसाठी नव्हे. निवड समितीनं पुस्तकाची मागणी मुखपृष्ठ पाहूनच नोंदवली होती, वर पत्रात "धाडसी नायिका" असा उल्लेख करून. आणि ही धाडसी नायिका नऊ प्रकरणं गाढव राखत होती. मुखपृष्ठ बदला म्हणावं, तर त्या कागदावर आणखी पाच पुस्तकांची मुखपृष्ठं होती.

तातडीची बैठक झाली. अर्थातच सकाळी. तात्या म्हणाले, मी तिसरं प्रकरण बदलणार नाही, पण शेवटी एक ओळ घालतो: ती सामानाजवळ बसल्या बसल्या झोपी जाते आणि स्वप्नात पूल ओलांडते, सगळ्यांत पुढे. चित्र त्या स्वप्नाचं. मालकांनी सुटकेचा श्वास सोडला. सल्लागारबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वप्न बघण्याचा हक्क प्रत्येक मुलाला आहे, असं त्या म्हणाल्या. मी घड्याळाकडे पाहिलं. बाराला वीस मिनिटं कमी. मी चिठ्ठी सरकवली, "आणि जाग आल्यावर?"

तात्यांनी ती वाचून खाली लिहिलं, "गोड हसते."

त्या संध्याकाळी मी भिंगरीला सगळं सांगितलं. पूल, सामान, गाढव, स्वप्न, काही लपवलं नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती बोटांवर काहीतरी मोजत बसली होती.

"म्हणजे पंधरा झाली," ती म्हणाली.

"काय?"

"हसणं. चौदा होती ना? स्वप्नानंतरचं धरून पंधरा." मग म्हणाली, "ते आजोबा कुठे बसतात?"

शनिवारी मी तिला घेऊन गेले. कुणाची परवानगी काढली नाही. तात्या मागच्या खोलीत चहाचा कप आणि मुद्रितांचा गठ्ठा घेऊन बसले होते. मी ओळख करून दिली, की ही माझी भाची, मुखपृष्ठावर आहे ती. तात्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि, शूर आहे हो पोरगी, असं म्हणाले. ती समोरच्या खुर्चीवर बसली, कुबड्या टेबलाला टेकवल्या.

"आजोबा, तुम्ही कधी झुलता पूल ओलांडलाय?"

"सदतीस वेळा," तात्या म्हणाले. "कागदावर."

"मग तो मोठा मुलगा चालत कसा जातो? एका हातात बॅटरी, एका हातात काठी. दोर कशानं धरतो?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. सदतीस पुस्तकांच्या समासांत मी हे कधी विचारलं नव्हतं, आणि मला ते आधीच सुचायला हवं होतं असं आता वाटलं.

तिनं त्यांना समजावून सांगितलं. त्यांच्या शाळेच्या मैदानाच्या कडेला दोरांचा एक पूल आहे, खेळायला बांधलेला. त्यावर पायांचा काही उपयोग होत नाही, पाय उलट घोळ घालतात. बसायचं आणि हातांनी स्वतःला ओढत न्यायचं. ती कुबड्या पाठीला बांधून तशी जाते. वर्गातले सगळे मध्यावर पोचले की रडतात.

"सगळे?" तात्यांनी विचारलं.

"दोघं नाही रडत. पण ते चढतच नाहीत."

तात्या हसले. खुर्ची पुढे ओढून घेतली आणि म्हणाले, ठीक आहे, तुझं खरं. तुला पुढे पाठवतो. तू एकटी पलीकडे जाशील, तस्करांना पकडशील, सगळ्यांना वाचवशील. झालं समाधान?

"नको."

"आता काय नको?"

"वाचवायचं नको. मला वाट चुकायचीय."

तात्यांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, यावेळी जरा वैतागून, शिक्षक मंद मुलाला सांगतात तसं. "तुमच्या सगळ्या पुस्तकांत तिसऱ्या प्रकरणात जाड्या वाट चुकतो. मग सगळे त्याच्यावर ओरडतात. मग गोष्ट सुरू होते. माझ्यावर कुणी ओरडतच नाही. मी वही विसरले तरी बाई म्हणतात, असू दे गं. मी त्या दिवशी मुद्दाम एकीचा रंग सांडला. तीच मला सॉरी म्हणाली."

मलाही तिच्यावर ओरडल्याचं आठवेना, आणि ते मी आजवर माझ्या पुण्यात धरत आले होते.

तात्यांनी पेनाचं टोपण काढलं. लेखक म्हणून ते कसेही असोत, कारागीर पक्के आहेत. सांधा कुठे बसतो ते त्यांना दिसतं. "जाड्या खाऊच्या वासानं वाट चुकतो," ते म्हणाले. "तू कशानं चुकशील?"

"हट्टानं," भिंगरी म्हणाली. "तो म्हणाला ना, इथेच थांब? म्हणून."

अकरा दिवसांत तात्यांनी नऊ प्रकरणं नव्यानं लिहिली. पानांचा आकडा बदलून चालणार नव्हता, कारण मुखपृष्ठाबरोबर पुस्तकाचा कणाही छापून झाला होता, आणि त्याची जाडी एकशे बारा पानांची होती. तेव्हा ती जेवढी पानं बसली होती, बरोबर तेवढीच पानं तिला आता उद्योग करावा लागला. नायकानं थांब म्हटल्याबरोबर ती कुबड्या पाठीला बांधते आणि पुलावर चढते. वाट मला माहीत आहे, असं ठोकून देते. ती पुढे म्हणून बाकीचे मागून येतात, नकाशा न घेताच. पूल तुटतो. खाऊ, नकाशा आणि गाढव अलीकडे, पाच मुलं पलीकडे, आणि वाट हिला अजिबात माहीत नसते. चमू तिच्यावर अडीच पानं ओरडतो. ती अडीच पानं तात्यांनी इतक्या चवीनं लिहिली होती, की मला दुरुस्त करण्यासारखा एक स्वल्पविराम सापडला नाही. नऊ प्रकरणांत हसू एकच होतं, तेही कुत्सित. दुसऱ्या प्रकरणातलं "पायाने अधू पण" हेही सगळं गेलं होतं. लय काही बिघडली नव्हती.

सल्लागारबाईंनी मजकूर वाचला आणि त्या अस्वस्थ झाल्या. अपंग मुलगी हट्टी, खोटं बोलणारी, चार मुलांना संकटात लोटणारी. हे नकारात्मक चित्रण आहे, त्या म्हणाल्या, आणि अशासाठी तक्त्यात जागा नाही. चूक करायचीच असेल तर ती नेहमीप्रमाणे जाड्यानं करावी.

"बाई, जाड्या सदतीस वेळा चुकलाय," तात्या म्हणाले. "त्यालाही एखादा रकाना द्या." मग म्हणाले, की ही पोरगी चुकली नाही तर माझं पुस्तक चौथ्या प्रकरणात संपतं, उरलेल्या पानांवर तुमचा तक्ता छापा. मी त्यांना कुठल्याही पुस्तकासाठी इतकं भांडताना पाहिलं नव्हतं. पहिल्या सदतीस पुस्तकांत कुणी काही बदला म्हटलंच नव्हतं म्हणा.

प्रश्न मालकांकडे गेला. मालकांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या. भिंतीशी मुखपृष्ठांचे गठ्ठे कमरेइतके रचलेले होते, त्यांवर हात ठेवून त्यांनी एकच विचारलं, "नव्या मजकुरात पुलावर सगळ्यांत पुढे तीच आहे ना?" तीच आहे म्हटल्यावर ते उठले. अशा रीतीनं आमच्या प्रकाशनात न्याय झाला. कागद छापून पडला होता म्हणून झाला, पण न्यायाचं कारण विचारू नये. इतिवृत्तात माझी मूक संमती नोंदली गेली, आणि या खेपेला ती होती.

सल्लागारबाईंनी तक्त्यात पाच खुणा केल्या, आणि पुस्तक सर्वसमावेशक ठरलं. पाठीवर तसा शिक्काही उमटवला.

पुस्तकं शाळेत पोचली. वर्गबाईंनी ठरल्याप्रमाणे रोज एक प्रकरण वाचायला घेतलं. पहिल्या दोन दिवसांत विशेष काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी कचेरीतून लवकर निघाले. घरी पोचले तर बहीणही रजा टाकून आलेली. आम्ही दोघी भाजी निवडत बसलो.

भिंगरी आली. दप्तर दाराशी टाकलं. कुबड्या भिंतीला आपटून उभ्या केल्या.

"कुणीही बोलत नाहीये माझ्याशी," ती म्हणाली.

बहिणीनं हातातली जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत "मी सांगत होते" असं सगळं होतं. मी नुसतं, काय झालं, एवढं विचारलं.

पूल तुटेपर्यंत वर्ग अगदी शांत होता, भिंगरी सांगू लागली. मग खाऊ आणि नकाशा अलीकडेच राहिल्याचं बाईंनी वाचलं, आणि गलका सुरू झाला. मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहून म्हणाला, नकाशा तरी घ्यायचा ना, मूर्ख. एकजण म्हणाली, त्यापेक्षा गाढवाला अक्कल जास्त होती. बाईंनी पुस्तक खाली ठेवलं आणि सवयीप्रमाणे म्हणाल्या, असू दे, तिला असं बोलू नये. तर अख्खा वर्ग बाईंवरच उलटला. असू दे कसं बाई, खाऊ तिकडे राहिला, आता पाच जण खाणार काय? शेवटी घंटा झाली म्हणून बाई सुटल्या. डबा खाताना हिच्याशेजारी कुणी बसलं नाही. जिचा रंग हिनं सांडला होता, ती मुद्दाम जवळ येऊन म्हणाली, ते पण तूच मुद्दाम केलं होतंस, मला आता कळलं.

"सोमवारी चौथं प्रकरण आहे. तोपर्यंत कुणी बोलणार नाहीयेत," भिंगरी म्हणाली. इतर मुलं बक्षीस मिळाल्याचं सांगतात, तो हा सूर होता. मग तिनं जेवायला मागितलं आणि दोनदा वाढून घेतलं.

जेवता जेवता तिला काहीतरी आठवलं. "मावशी, पाचव्या प्रकरणात मी सगळ्यांची माफी मागते ते कुणाचं डोकं?"

तात्यांचं, मी म्हटलं.

"मी नसती मागितली."

"कार्टे, सगळ्यांना उपाशी ठेवलंस आणि वर माफीही नको?" बहीण म्हणाली. तिचा आवाज नेहमीच्या पट्टीत परत आला होता, किंबहुना जरा वरच. "आणि त्या पोरीचा रंग का सांडलास गं? सोमवारी आपल्या खाऊच्या पैशातून नवा नेऊन दे तिला."

भिंगरीनं आईकडे पाहिलं. हनुवटी पुढे निघाली. रंग देईन, पण सॉरी म्हणणार नाही, असं तिनं जाहीर केलं, हात धुतले, दप्तरातून वही ओढली आणि सोमवारी वर्गात कुणाला काय ऐकवायचं त्याची यादी करायला बसली.